महाराजाच्या गालिच्यापासून २९ इंचांपर्यंत

१९४६ साली मुंबईत एअर इंडियाचा महाराजा जन्माला आला. कंपनीचे व्यापारी कामकाज पाहणारे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव या दोघांनी तो घडवला. भरघोस मिशा, पगडी आणि पाहुण्यापुढे अदबीने झुकलेली मान. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, २००३ मध्ये, सुरू झालेल्या एअर डेक्कन या कंपनीने स्वतःच्या ओळखीसाठी दुसरे चित्र निवडले. ते होते आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचे. चौकडीचा कोट, धोतर, जाड चष्मा आणि तोंडातून एक शब्द नाही.

भारतातल्या विमानप्रवासाचा इतिहास या दोन चित्रांच्या मध्ये सामावलेला आहे. महाराजाच्या काळात आराम होता, पण सामान्य माणूस विमानात नव्हता. कॉमन मॅनच्या काळात सामान्य माणूस विमानात आला आणि आराम बाहेर गेला. "आता विमानप्रवासात पूर्वीची मजा राहिली नाही" हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येते. पाय ठेवायला जागा नाही, पाण्याच्या बाटलीलाही पैसे, तासन् तास रांगा, ऐनवेळी रद्द होणारी विमाने. तक्रार खोटी नाही. पण पूर्वीचा आराम नेमका आला कुठून आणि गेला कुठे, हे समजून घेतल्याशिवाय आज काय मागायचे ते ठरवता येणार नाही.

आराम कोठून आला?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले आणि जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. एअर इंडियाची ही पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा. त्या विमानात बसणारी माणसे कोण असत? संस्थानिक, उद्योगपती, मोठे अधिकारी. गिरणगावातला कामगार किंवा रत्नागिरीचा खलाशी आकाशातून विमान गेले की मान वर करून पाहायचा, एवढाच त्याचा विमानाशी संबंध.

जेआरडी स्वतः प्रवासी म्हणून विमानात बसत आणि बारीकसारीक गोष्टी टिपून अधिकाऱ्यांना पाठवत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो, इथपर्यंत त्यांच्या तक्रारी असत. आज ही पत्रे कौतुकाने फिरवली जातात आणि ते कौतुक रास्तच आहे. पण त्या काळात जगभरच्या कंपन्या चहाच्या रंगाची एवढी काळजी का करत होत्या, यामागे एक आर्थिक कारणही होते.

त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानभाडे कंपन्यांची 'आयटा' ही संघटना ठरवत असे आणि सरकारे त्यावर शिक्का मारत. अमेरिकेत देशांतर्गत भाडे सरकारी मंडळ ठरवत असे. म्हणजे तिकीट स्वस्त करून प्रवासी ओढण्याची सोय कोणत्याच कंपनीला नव्हती. मग स्पर्धा करायची कशात? जेवणात, खुर्चीत, आदरातिथ्यात. १९५८ मध्ये अटलांटिकवर 'इकॉनॉमी' हा नवा स्वस्त वर्ग सुरू झाला तेव्हा त्यातल्या प्रवाशांना साधे, थंड, स्वस्त सँडविचच द्यायचे असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने पावावर मांस, मासे, भाज्या रचून त्याचे जेवणच केले. लगेच पॅन अमेरिकन कंपनीने आयटाकडे तक्रार केली की हे सँडविच नाही, ही फसवणूक आहे! प्रकरण दंडापर्यंत गेले. इतिहासात हे 'सँडविच युद्ध' म्हणून नोंदले गेले. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला जास्त खायला दिले म्हणून भांडण, हे आज वाचताना हसू येते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन एअरलाइन्सने जंबो जेटमध्ये साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची जागा केली आणि तिथे इलेक्ट्रिक पियानो ठेवला. १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो 'एम्परर अशोक' आले. खिडक्यांना झरोक्यांची नक्षी, भिंतींवर चित्रे, 'आकाशातला राजवाडा' अशी त्याची जाहिरात. आराम ही कोणाची मेहेरबानी नव्हती. भाडे बांधलेले होते म्हणून तो स्पर्धेचे हत्यार झाला होता, आणि त्याची किंमत भरमसाट तिकिटात आधीच वसूल केलेली असे.

राजवाड्यात मजूर

त्याच 'एम्परर अशोक'ची शेवटची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हे विमान सांताक्रूझहून उडाले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण गेले. ते लंडन-न्यूयॉर्कला चालले नव्हते, दुबईला चालले होते.

तोवर काळ बदलला होता. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि केरळ, कोकण, हैदराबादचा कामगार मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभा राहिला. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत विमानात बसलेला पहिला माणूस हा पर्यटक नव्हता. तो सुतार, वेल्डर, ड्रायव्हर किंवा जहाजावरचा खलाशी होता. महाराजाच्या झरोक्यातून बाहेर पाहणारी ही नवी नजर होती. या माणसाला शँपेन नको होती. त्याला दोन वर्षांनी घरी यायचे होते आणि सोबत सामान जास्त आणायचे होते.

१९९० मध्ये कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा याच कामगारांना परत आणण्यासाठी एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फेऱ्या केल्या आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. त्या विमानांत जेवण काय होते, खुर्ची किती रुंद होती, याची आठवण कोणी सांगत नाही. विमान आले, एवढेच पुरेसे होते.

किंमत मोकळी झाली, खुर्ची आखडली

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेत विमानवाहतूक नियंत्रणमुक्तीचा कायदा झाला. भाडे ठरवण्याचा सरकारचा अधिकार टप्प्याटप्प्याने गेला. आता तिकीट स्वस्त करता येत होते, म्हणून बाकी सगळ्यात काटकसर सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी सॅलडमधले एक ऑलिव्ह काढून वर्षाला हजारो डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगतात. एका ऑलिव्हपासून सुरू झालेली काटकसर २००८ मध्ये सामानापर्यंत पोचली. इंधन महागले आणि त्याच कंपनीने पहिल्या बॅगेलाच १५ डॉलर लावले. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकींनी तोच कित्ता गिरवला. बॅगा फुकट नेणारी म्हणून नावाजलेली साउथवेस्टसुद्धा मे २०२५ मध्ये त्या रांगेत जाऊन उभी राहिली.

भारतात हा प्रवास थोडा उशिरा सुरू झाला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यापासून आकाश सरकारचे होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सने मुंबईहून उड्डाण केले. उदारीकरणाच्या काळातली ही पहिली मोठी खासगी विमान कंपनी. तिचे संस्थापक तकीउद्दीन वाहिद हे केरळचे. आखातात कामगार पाठवण्याच्या, तिकिटांच्या धंद्यातून मुंबईत वर आलेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. आखाती मजुराच्या तिकिटातून उभी राहिलेली ही कंपनी आज विसरली गेली आहे, म्हणून तिची इथे मुद्दाम नोंद करतो. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. जेट, सहारा, दमानिया, मोदीलुफ्त आल्या. मग २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन, जिने काही तिकिटे एक रुपयाला विकून दाखवली, आणि २००६ मध्ये इंडिगो.

आकडे या बदलाच्या बाजूने बोलतात. २०२४ मध्ये भारतात १६ कोटींहून अधिक देशांतर्गत प्रवास विमानाने झाले. लातूर-परभणीकडची मुले पुण्याहून बंगळूर-दिल्लीला मुलाखतीला विमानाने जातात. आमच्या शाळेतले शिक्षक सुट्टीत श्रीनगरला विमानाने जाऊन येतात. आधीच्या पिढीतल्या शिक्षकाला हे स्वप्नातही शक्य नव्हते. सुरक्षिततेचेही तसेच आहे. जून २०२५ मधला अहमदाबादचा अपघात मनातून जात नाही, तरी एकूण उड्डाणांच्या हिशेबात विमानप्रवास १९७० च्या दशकापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाताना जरा थांबावे. तो काळ आपला नव्हताच.

पण ही स्वस्ताई कुठून काढली, तेही पाहिले पाहिजे. पूर्वी साध्या वर्गात एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत ३४-३५ इंच अंतर असणे सामान्य होते. आता ३०-३१ आणि स्वस्त कंपन्यांत २८-२९. गाद्या पातळ केल्या, मागचे स्वच्छतागृह आक्रसून स्वयंपाकाच्या कप्प्याला चिकटवले आणि १८० खुर्च्यांच्या ए-३२० मध्ये १८६ बसवल्या. खुर्चीची रुंदी १८ इंच आणि अंतर २९ इंच धरले तर एका माणसाच्या वाट्याला साडेतीन चौरस फुटांच्या आसपास जागा येते. शाळेच्या बाकावर दाटीने बसलेल्या मुलांची आठवण यावी, एवढी.

चौरस फुटांचा जुना हिशेब

माणसामागे किती जागा, हा प्रश्न विमानाने आणलेला नाही. मुंबईला तो दीडशे वर्षांपासून माहीत आहे, आणि तो आपल्यापर्यंत हाजींच्या जहाजांतून आला आहे.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि हजचा प्रवास स्वस्त झाला. गरीब माणूसही निघू लागला. जहाजवाल्यांनी डेकवर माणसे अक्षरशः कोंबली. जुलै १८८० मध्ये 'जेद्दा' नावाचे जहाज सुमारे साडेनऊशे यात्रेकरू घेऊन सिंगापूरकडून जेद्दाला निघाले होते. वादळात पाणी शिरू लागले तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले आणि एडनला जाऊन जहाज बुडाल्याचे सांगून मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या जहाजाने 'जेद्दा'ला ओढत एडनच्या बंदरात आणले. यात्रेकरू जिवंत होते. जोसेफ कॉनरॅड यांच्या 'लॉर्ड जिम' कादंबरीचे बीज या घटनेत आहे.

इंग्रज सरकारने १८७६ पासून देशी प्रवाशांच्या जहाजांसाठी आणि पुढे खास यात्रेकरूंच्या जहाजांसाठी कायदे केले. डेकवर प्रत्येकाला किमान किती जागा मिळाली पाहिजे, हे त्यांत मापाने लिहिले गेले. त्यामागे हाजींविषयीचे प्रेम फारसे नव्हते. १८६५ मध्ये मक्केत पटकीची मोठी साथ आली, ती युरोपात पोचली आणि तिथल्या सरकारांनी दबाव आणला. कारण काहीही असो, जागा कागदावर आली. नियम मोडले जातच राहिले, पण भांडायला हातात आकडा तरी होता.

पुढे मोगल लाइनची जहाजे आली. मुंबईहून जेद्दाला आठवडाभर आणि त्याहून जास्त लागे. १९९५ मध्ये हा समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळे हाजी विमानात आले. आठवड्याचा प्रवास पाच तासांवर आला. वृद्धांसाठी ही मोठी नेमत होती. पण हज कमिटीमार्फत जाणाऱ्याला कंपनी निवडता येत नव्हती. भाडे सरकार आणि विमान कंपन्या ठरवत आणि त्यातला फरक 'हज सबसिडी' म्हणून कंपनीला मिळे. वर्षानुवर्षे मुसलमानांना टोमणा मारायला हा शब्द वापरला गेला. समाजातले अनेक जण सांगत होते की हे पैसे हाजीच्या नव्हे, विमान कंपनीच्या खिशात जातात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सबसिडी दहा वर्षांत संपवायला सांगितली आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ती बंद केली. त्या वर्षीही भारतातून पावणेदोन लाख लोक हजला गेले.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. ज्या प्रवाशाला दुसरा पर्याय नाही, त्याची कदर सरकारी व्यवस्थेतही होत नाही. आणि ज्याला पर्याय आहेत पण पैसे कमी आहेत, त्याची कदर मोकळ्या बाजारातही होत नाही. दोन्हीकडे तो वाचतो ते लिहिलेल्या नियमाने.

नावाची झडती

एक त्रास असा आहे की जो इंचात मोजता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळ बदलले. त्याच डिसेंबरात एकाने बुटात स्फोटके लपवून नेली, म्हणून अमेरिकेत सगळ्यांचे बूट उतरले. ते थेट जुलै २०२५ मध्ये पुन्हा पायात चढले. २००६ मध्ये लंडनचा कट उघड झाला आणि बाटल्या १०० मिलिलिटरच्या झाल्या. हा जाच सर्वांना सारखा. पण काहींची झडती नावापासूनच सुरू होते. ऑगस्ट २००९ मध्ये शाहरुख खानला न्यूआर्क विमानतळावर थांबवून ठेवले गेले, पुढेही दोनदा तेच झाले. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची २००९ मध्ये दिल्लीच्याच विमानतळावर एका अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा घेतली गेली. त्या कंपनीने आणि अमेरिकेने माफी मागितली. कलामसाहेबांनी गाजावाजा केला नाही. त्यांच्या जागी बुरखा घेतलेली एखादी म्हातारी किंवा दाढीवाला वेल्डर असेल तर त्याची माफी कोण मागणार? सुरक्षा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण तपासणीची रीत सर्वांना एक असावी आणि ती लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

नियम आहेत, पण कोणाच्या भाषेत?

जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईत उतरले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाने व्हीलचेअर मागितली होती. पत्नीला एक मिळाली, त्यांना थांबायला सांगितले गेले. ते पायी निघाले, वाटेत कोसळले आणि वारले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांना पुरेशी विश्रांती देण्याच्या नियमांची तयारी नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्यावर सरकारने कंपनीला त्या नियमांतूनच तात्पुरती सूट दिली. थकलेला वैमानिक आणि आखडलेला प्रवासी हे एकाच काटकसरीचे दोन बळी आहेत, हे त्या आठवड्यात दिसले.

मोहल्ल्यातले लोक माझ्याकडे मोबाइल घेऊन येतात. "सर, यह मेल पढ़के बताओ ना, क्या लिखा है." उमऱ्याला निघालेले वृद्ध जोडपे असते, मस्कतला परतणारा तरुण असतो. मेलमध्ये इंग्रजीत लिहिलेले असते की विमानाची वेळ बदलली आहे आणि खाली दोन बटणे असतात. त्यांचा अर्थ सांगायला इंग्रजी येणारा शेजारी लागतो. तिकीट कॉमन मॅनचे झाले, पण त्यावरची भाषा अजून महाराजाचीच आहे.

म्हणून नागरी विमान महासंचालनालयाचे काही नियम इथे सोप्या भाषेत देतो. चोवीस तास आधीही न कळवता विमान रद्द केले तर पर्यायी विमान किंवा पैसे परत, आणि त्याशिवाय भरपाई. ती उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. तिकीट पक्के असून वेळेत पोचूनही जागा नाही म्हणून चढू दिले नाही, आणि तासाभरात दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाई २०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते. ठरावीक तासांपेक्षा उशीर झाला तर खाणेपिणे, आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतल्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर हॉटेल. धुके, संप, सुरक्षेची कारणे अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या प्रसंगी रोख भरपाई मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. युरोपात २००४ च्या नियमाने हीच भरपाई अंतरानुसार २५० ते ६०० युरो आहे. अमेरिकेत तर २०१८ मध्ये संसदेने खुर्चीचे किमान माप ठरवायला सांगितले, पण वर्षे उलटली तरी तो आकडा निघालेला नाही.

आपल्या मजहबात मुसाफिराला नमाजेत कसर आहे, रोज्यात सवलत आहे. प्रवास म्हणजे तकलीफ, हे तिथे गृहीत धरलेले आहे आणि म्हणून सवलत नियमात घातली आहे, कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. विमानप्रवासातही मला एवढेच हवे आहे. पियानो नको, झरोके नकोत, स्वस्त तिकीट तसेच राहू द्या. पण खुर्चीचे किमान माप कायद्यात असावे आणि तिकिटावर छापलेले असावे. व्हीलचेअरची हमी असावी. आणि प्रवाशाचे हक्क मराठी, हिंदी, उर्दूत त्याच्या मोबाइलवर यावेत.

हे सरकारने करेपर्यंत आपणही थोडे करू शकतो. हजच्या प्रशिक्षण शिबिरांत एहराम कसा बांधायचा हे शिकवतात, तिथे विमान रद्द झाले तर काय मागायचे हे दहा मिनिटांत शिकवता येईल. शिबिरे घेणाऱ्या मित्रांनी वरचा परिच्छेद उर्दूत हवा असल्यास कळवावे, मी करून देईन.